अहिल्याबाई आणि शाहिराचा डफ

अथेन्सचा कायदेकर्ता सोलन हा कवीही होता. सालामिस बेट परत घ्यावे म्हणून त्याने भर चौकात कविता गायिली, असे प्लूटार्क सांगतो. हे वाचताना आम्हांस आपल्या माळव्यातलीच एक गोष्ट आठवते.

संगमनेरचा अनंतफंदी (१७४४–१८१९) हा पेशवाईतला नामांकित शाहीर. त्या काळी आपल्याकडे मराठी वर्तमानपत्रे नव्हती. लढाईची वार्ता गावोगाव पोचे ती डफ-तुणतुण्याच्या साथीने. १७९५ सालच्या खर्ड्याच्या लढाईवर फंदीनेही पोवाडा रचला. अशा माणसाची जीभ सरदारांनाही जपावी लागत असेल, यात नवल ते काय?

हा फंदी आपला फड घेऊन महेश्वरी गेला. आपल्या विजयनगरापासून ते शंभरेक किलोमीटर. तेथे अहिल्याबाई होळकरांचे राज्य (१७६७–१७९५). आख्यायिका अशी की, ब्राह्मणाने तमाशात गावे हे बाईंना रुचले नाही. ही वाणी कीर्तनास लावावी, असे त्यांनी सुचविले आणि फंदीने तेथेच डफ फोडला. पुढे तो कीर्तने करू लागला.

बाईंचा हेतू शुद्धच होता. तरी आम्हांस त्या डफाविषयी हळहळ वाटते. कीर्तनाला श्रोते देवळात येतात. डफ मात्र लोक असतील तेथे जातो. प्लेटोनेही आपल्या आदर्श राज्यात देवांची स्तोत्रे आणि सज्जनांची स्तुती तेवढी राहू दिली, बाकीच्या कवींना वेशीबाहेर ठेवले. बाईंनी कवीला घालविले नाही. त्याच्या हातातले वाद्य तेवढे बदलले. आज मराठी घरांत फंदी ओळखला जातो, तो मुख्यतः त्याच्या उपदेशपर फटक्यामुळे.