साक्षीदार उलटला!

आमच्या दवाखान्यात सर्वांत जास्त खोटे बोलणारी वस्तू कोणती, असे रुग्णांना विचारले तर ते एकमुखाने वजनकाट्याकडे बोट दाखवतील. गेली पंचवीसेक वर्षे मी नांदेडला दवाखाना चालवतो. एवढ्या काळात त्या बिचाऱ्या काट्यावर जितके आरोप झाले, तितके एखाद्या सराईत गुन्हेगारावरही झाले नसतील. "डॉक्टरसाहेब, तुमचा काटा दोन किलो जास्त दाखवतो." "सकाळपासून नुसता चहा घेतलाय, मग वजन वाढलंच कसं?" "आमच्या घरचा काटा तर चौऱ्याहत्तरच सांगतो." कोणी चपला काढतो, कोणी किल्ल्या आणि मोबाइल टेबलावर ठेवतो, कोणी हळूच भिंतीला हात टेकवतो. एका आजीबाईंनी तर गळ्यातली बोरमाळ काढून सुनेच्या हाती दिली होती.

पण काट्याची रीतसर उलटतपासणी घेणारा माणूस मी एकच पाहिला. तो माझा लातूरचा शाळासोबती, तिथल्या कोर्टात वकिली करतो. सासुरवाडी नांदेडची असल्याने वर्षातून दोन-चार वेळा इकडे येणे होते, आणि आला की दवाखान्यात डोकावतो. दोन वर्षांपूर्वी असाच आला असता मी त्याला काट्यावर उभा केला. ८६ किलो. उंचीच्या मानाने पंधरा किलो तरी जास्त. मी नुसते "हं" म्हटले, तर स्वारी खाली उतरून सुरूच झाली.

"हा काटा किती वर्षांचा?"

"असेल दहा-अकरा वर्षांचा."

"शेवटची तपासणी कधी झाली?"

मी गप्प.

"इथली फरशी सपाट आहे, याचा पंचनामा?"

"नाही बुवा."

"म्हणजे साक्षीदार म्हातारा, कधी न तपासलेला आणि तिरका उभा राहिलेला. आणि याच्या एकट्याच्या साक्षीवर तू माझी उजनीची बासुंदी बंद करणार? संशयाचा फायदा आरोपीला मिळतो, डॉक्टर!"

वहिनी शेजारीच बसल्या होत्या. नवऱ्याच्या पोटाकडे पाहून त्या शांतपणे म्हणाल्या, "भाऊजी, साक्षीदार जाऊ द्या. मुद्देमाल समोरच आहे की."

आचार्य अत्र्यांचे 'तो मी नव्हेच' हे नाटक १९६२ साली रंगभूमीवर आले. त्यातला लखोबा लोखंडे स्वतःच स्वतःचा खटला चालवतो आणि फसवलेली माणसे समोर येऊन उभी राहिली तरी ओळख नाकारतो. प्रभाकर पणशीकरांचा तो लखोबा ज्यांनी पाहिला ते विसरणार नाहीत. वजनाच्या बाबतीत आपण सारेच थोडेफार लखोबा असतो. आकडा समोर दिसत असतो आणि आपण म्हणतो, तो मी नव्हेच!

आता वकिलाच्या मुद्द्यांत तथ्य नव्हते असे मात्र नाही. दुकानदाराच्या तराजूवर वैधमापन खात्याचा शिक्का असावा लागतो. आपल्या न्हाणीघराजवळ पडलेल्या काट्याची वर्षानुवर्षे कोणी तपासणी करीत नाही. जुन्या चकतीच्या काट्यात स्प्रिंग असते, ती कालांतराने सैल पडते आणि मग कोणी उभे नसतानाही काटा शून्यावर येत नाही. नव्या आकडेवाल्या काट्यांत सेल उतरला की आकडे भरकटतात. सतरंजीवर किंवा उंचसखल फरशीवर ठेवलेला कोणताही काटा चुकतो. खुद्द किलोग्रॅमची कथा ऐकाल तर गंमत वाटेल. १८८९ पासून साऱ्या जगाचा किलो म्हणजे पॅरिसजवळ तिजोरीत ठेवलेला प्लॅटिनम-इरिडियमचा एक ठोकळा होता. त्याच्या नकला निरनिराळ्या देशांत होत्या, ५७ क्रमांकाची आपल्या दिल्लीत. शंभर वर्षांनी पडताळून पाहिले तर मूळ ठोकळा आणि त्याच्या नकला यांच्यात काही मायक्रोग्रॅमचा फरक पडलेला! शेवटी २० मे २०१९ पासून त्या ठोकळ्याला निवृत्त करून किलोची व्याख्या निसर्गातल्या एका स्थिरांकावर बांधली गेली.

तेव्हा घरचा काटा तपासून घ्यावा हे उत्तम. त्याला खर्च नाही. किराणा दुकानातून आणलेली १० किलो आट्याची बंद पिशवी घ्या. आधी नुसते उभे राहा, मग पिशवी घेऊन उभे राहा. फरक दहाचा आला की काटा वजनातला फरक नीट सांगतो असे समजा. शिवाय माणसाचे वजन दिवसभरात किलो-दीड किलो सहज इकडेतिकडे होते. लिटरभर पाणी प्यालात की एक किलो वाढलेच. म्हणून आठवड्यातून एकदा, सकाळी शौचाहून आल्यावर, काही खाण्यापूर्वी, त्याच काट्यावर आणि त्याच जागी वजन करावे. रोज करून जिवाला घोर लावून घेऊ नये.

काटा अगदी खरा असला तरी तो किती ते सांगतो, कशाचे ते सांगत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोन संशोधकांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच फोटो छापले. उंचीच्या मानाने वजनाचा जो निर्देशांक असतो, बीएमआय, तो दोघांचाही २२.३. पण अंगातली चरबी मोजली तर इंग्रज डॉक्टरांची ९.१ टक्के आणि आपल्या पुणेकरांची २१.२ टक्के! हातपाय काटकुळे आणि पोट मात्र पुढे, ही आपल्याकडची ठेवण. म्हणून कमरेचा घेरही मोजावा. पुरुषाचा ९० सेंटिमीटर आणि बाईचा ८० सेंटिमीटर, याच्यावर गेला की सावध व्हावे, मग काटा काहीही म्हणो.

यंदाच्या उन्हाळ्यात वकीलसाहेब पुन्हा आले. आपणहून काट्यावर चढले. ७९! तीन महिन्यांमागे आले तेव्हा ८६ च होते. "निर्दोष मुक्तता!" त्याने जाहीर केले. "हा काटा अत्यंत विश्वासू आणि निःपक्षपाती साक्षीदार आहे. मागचे सगळे आरोप मी मागे घेतो." मीही हसलो आणि, खरे सांगतो वाचकहो, त्याची पाठ थोपटली. बाहेर रुग्णांची रांग होती. पथ्य काय पाळलेस, एवढेही मी विचारले नाही.

दारापर्यंत गेलेल्या वहिनी मागे वळल्या. "पण भाऊजी, जेवण काही कमी केलेलं नाही, उलट वाढलंय. रात्री तीनदा उठतात लघवीला. कोर्टात पाण्याची बाटली घेऊन उभे राहतात."

"युक्तिवाद करताना तोंडाला कोरड पडणारच," तो म्हणाला.

मी त्याला परत बसवले. माझा चेहरा पाहून त्याने पुन्हा बाजू बदलली. "मग तुझा काटाच बिघडला असेल!" मी कंपाउंडरला शेजारच्या किराणा दुकानातून आट्याची पिशवी आणायला पिटाळले. पिशवीशिवाय ७९, पिशवीसह ८९. साक्षीदार पक्का होता. बोटातून रक्ताचा थेंब काढला, साखर ३१८.

मधुमेहात इन्सुलिन कमी पडले किंवा त्याचे काम नीट होईनासे झाले की साखर पेशींत न शिरता रक्तात साचते आणि लघवीवाटे निघून जाते. तिच्याबरोबर पाणी जाते, म्हणून तहान. शरीर उपाशी राहते, म्हणून भूक. मग ते साठवलेली चरबी आणि स्नायू जाळू लागते आणि वजन उतरते. लोक विचारतात, "काय, बारीक झालात?" आणि माणूस खूश होतो.

खाणेपिणे, चालणे काही न बदलता सहा महिन्यांत वजनाचा विसावा भाग गेला, म्हणजे ८० किलोच्या माणसाचे ४ किलो गेले, तर पेढे वाटू नका, डॉक्टर गाठा. मधुमेह असेल, थायरॉईड असेल, क्षयरोग असेल, क्वचित कर्करोगही असतो. दोन आठवड्यांहून जास्त खोकला आणि जोडीला वजन उतरत असेल, तर बेडक्याची तपासणी सरकारी रुग्णालयात मोफत होते. उपाशीपोटी साखर १२६ किंवा त्याहून जास्त आली तर पुन्हा तपासून मधुमेहाची खात्री करून घ्यावी लागते.

वकीलसाहेबांना सुरुवातीला काही दिवस इन्सुलिनची इंजेक्शने द्यावी लागली, नंतर गोळ्यांवर भागले. रात्रीचे उठणे थांबले. परवा, तीन महिन्यांनी, दोघे आले होते. वजन ८१.

"दोन किलो वाढलं," काट्यावरून न उतरताच तो म्हणाला. "आता हे चांगलं की वाईट?"

"तुझ्या बाबतीत चांगलं. झिजलेलं अंग भरतंय. पण थांब," म्हणून मी शिंप्याकडची टेप काढली आणि बेंबीच्या रेषेत गुंडाळली. ९७ सेंटिमीटर. वहिनींनी पर्समधून छोटी वही काढून आकडा लिहून घेतला.

वकीलसाहेबांनी टेपचे टोक हातात घेऊन नीट निरखले.

"ही टेप शेवटची कधी तपासली होती?"