ओल्या वातीचं शहाणपण

२०२४ च्या मे महिन्यात, ऐन नवतपा लागला त्या २५ तारखेला, अकोल्याच्या जिल्हाधिकाऱ्यांनी जिल्ह्यात कलम १४४ लागू केलं. ना दंगल, ना मोर्चा. कारण एकच, ऊन. पारा ४५ अंशांच्या वर गेला होता. आस्थापनांनी कामगारांसाठी पिण्याचं पाणी आणि पंखे यांची सोय करावी आणि खाजगी कोचिंग क्लासेसनी आपल्या वेळा बदलाव्यात, असं त्या आदेशात होतं. जमावबंदीचं कलम उन्हासाठी वापरावं लागतं, तेव्हा आपल्या इमारतींचंही काहीतरी चुकलेलं असतं. जिथे शंभर माणसं बसतात ती वास्तू दुपारी बसण्याजोगी राहत नसेल, तर तिचा उपयोग काय?

यावर हल्ली एक उत्तर हमखास मिळतं: इमारत ‘स्मार्ट’ करा. खोल्याखोल्यांत सेन्सर बसवा, त्यांची आकडेवारी कृत्रिम बुद्धिमत्तेला द्या, बाकी ती पाहून घेईल. दाखला म्हणून गूगलचं नाव पुढे येतं. २०१६ मध्ये गूगलने आपल्या डेटा सेंटरच्या शीतकरणाचा कारभार डीपमाइंडच्या न्यूरल नेटवर्कच्या सल्ल्याने चालवून पाहिला आणि शीतकरणाला लागणारी वीज ४० टक्क्यांपर्यंत कमी झाल्याचं जाहीर केलं. कामगिरी खरोखर मोठी होती. पण त्या इमारतीत हजारो सेन्सर आधीपासून होते, वर्षानुवर्षांच्या नोंदी साठलेल्या होत्या, आणि थंड ठेवायची होती यंत्रं, माणसं नव्हे. अमरावतीच्या राजकमल चौकातल्या किंवा अकोल्याच्या टिळक रोडवरच्या तीन मजली व्यापारी संकुलात काय असतं? प्रत्येक गाळ्याचा वेगळा स्प्लिट एसी, मागच्या खिडकीत कूलर आणि वर तापलेला स्लॅब. एका यंत्राला दुसऱ्याची खबर नाही. इथे मेंदू बसवण्याआधी काय मोजायचं ते ठरवावं लागेल. आणि या बाबतीत वऱ्हाडाला परक्याकडून शिकायची गरज नाही, कारण ‘एअर कंडिशनिंग’ हा शब्दच मुळात कापसाच्या घरात जन्मलेला आहे.

स्टुअर्ट क्रेमर हा अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातला सूतगिरण्यांचा अभियंता. १९०६ मध्ये त्याने हा शब्द प्रथम वापरला, आणि त्याच्या मनात थंडावा मुळीच नव्हता. त्याला हवेत ओलावा हवा होता. कोरड्या हवेत कापसाचा तंतू ठिसूळ होतो, घर्षणाने त्यावर स्थिर वीज साठते, धागा सारखा तुटतो. सुताला योग्य ओल देण्याला गिरणीत ‘कंडिशनिंग’ म्हणत. तेच हवेला करायचं, म्हणून ‘एअर कंडिशनिंग’. आपल्याकडे बडनेऱ्याची विजय मिल असो की अकोल्याची सावतराम मिल, कापसाच्या गिरणीला हवेतल्या ओलीचा हिशेब चुकत नाही. जिथे हवेत पाण्याचा फवारा सोडला जाई, त्या खात्यांत हायग्रोमीटर टांगणं आणि त्याची नोंद ठेवणं कारखान्यांच्या नियमांनी बंधनकारक केलं होतं. हे हायग्रोमीटर म्हणजे शेजारी-शेजारी लावलेले दोन थर्मामीटर: एक कोरडा, दुसऱ्याच्या बुडाशी गुंडाळलेली ओली वात. वातीतलं पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जातं आणि तो पारा खाली उतरतो. हवा जितकी कोरडी, तितकं दोन पाऱ्यांतलं अंतर जास्त. इतकं साधं, इतकं विश्वासाचं उपकरण दुसरं क्वचितच सापडेल!

वऱ्हाडातल्या घराघरांतला कूलर ही त्याच वातीची मोठी आवृत्ती आहे. मे महिन्यातली एखादी दुपार घ्या: बाहेर ४४ अंश, हवेतली आर्द्रता १५ टक्के. अशा वेळी ओल्या वातीचा पारा २३ च्या आसपास असतो. म्हणजे दोन पाऱ्यांत २१ अंशांची दरी. चांगल्या ताट्यांचा कूलर या दरीचा सुमारे ८० टक्के भाग उतरतो, म्हणजे आत येणारी हवा साधारण २७ अंशांची असते. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता ओढली जाते. विजेच्या भाषेत दोन-तृतीयांश युनिट. एवढी उष्णता बाहेर टाकायला कूलरचा पंखा आणि छोटा पंप पुरतो. वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारून खोल्या गार करायची युक्ती आपल्याकडे जुनी आहे. अबुल फझलच्या ‘ऐन-ए-अकबरी’तही खसखान्याचा उल्लेख येतो.

आता तोच कूलर जुलैत लावा. बाहेर ३२ अंश, आर्द्रता ८० टक्के, ओल्या वातीचा पारा जवळजवळ २९. उतरायला दरीच उरलेली नाही. कूलर हवा दोन-अडीच अंशांनी गार करील, पण तिला जवळपास संपृक्त करून सोडील. अंग चिपचिपतं, घाम सुकत नाही. वऱ्हाडातलं कोणतंही पोरगं हे अनुभवाने सांगेल. पण भिंतीवरच्या थर्मोस्टॅटला ते कळत नाही, कारण तो फक्त कोरडा पारा पाहतो. म्हणून इथल्या इमारतीचा पहिला सेन्सर आर्द्रतेचा हवा. कूलर कधी आणि एसी कधी, याचा निर्णय त्याच्या हाती. जूनच्या मध्यावर, पावसाच्या तोंडाशी, हा निर्णय दिवसातून दोनदासुद्धा बदलू शकतो. तिथे यंत्राचं लक्ष माणसापेक्षा सरस ठरेल.

दुसरा सेन्सर श्वासाचा. अकोला आज नीट-जेईईच्या तयारीचं मोठं केंद्र आहे, म्हणून क्लासच्या हॉलचंच गणित करून पाहू. १५ मीटर लांब, १० मीटर रुंद, ३.३ मीटर उंच हॉल, म्हणजे जवळपास ५०० घनमीटर हवा. त्यात १०० विद्यार्थी. बसलेला माणूस तासाला साधारण १८ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो; शंभरांचे झाले १,८०० लिटर. दारं-खिडक्या घट्ट बंद असतील तर एका तासात हवेतलं त्याचं प्रमाण दशलक्षात सुमारे ३,६०० भागांनी वाढतं. बाहेरच्या हवेत ते साधारण ४२० असतं, म्हणजे तास संपताना हॉलमध्ये ४,००० च्या घरात! म्युनिकच्या मॅक्स फॉन पेटेनकोफर यांनी १८५८ मध्येच सांगून ठेवलं होतं की बंद खोलीत हे प्रमाण १,००० च्या वर जाऊ देऊ नये. शेवटच्या बाकावर येणाऱ्या जांभईला प्रत्येक वेळी कंटाळाच जबाबदार असतो, असं समजू नका.

स्प्लिट एसी बाहेरची हवा आणतच नाही, आतलीच फिरवतो. कूलरचं उलट आहे. खिडकी उघडी ठेवल्याशिवाय तो चालतच नाही. त्याची सगळी हवा बाहेरची, ताजी. म्हणून मे महिन्यातला कूलरचा हॉल श्वासाच्या दृष्टीने उत्तम आणि जुलैतला बंद एसीचा हॉल सर्वात वाईट, हे मला या साऱ्या गणितातलं सर्वात सुंदर उत्तर वाटतं. हा वायू मोजणारा सेन्सर आता काही हजार रुपयांत मिळतो. त्याच्या पोटात अवरक्त किरणांचा एक छोटा दिवा असतो. वायू त्यातले ठरावीक किरण शोषतो आणि किती शोषले यावरून प्रमाण कळतं. जॉन टिंडलने १८५९ मध्ये प्रयोगशाळेत लांबलचक नळी लावून हाच गुण मोजला होता. आज ती नळी काडेपेटीएवढी झाली आहे.

हवा कशी आहे ते कळलं. पण ती कोणासाठी सुखाची? इथे ज्यांची आठवण फारशी काढली जात नाही, अशा दोन भारतीय संशोधकांकडे वळावं लागतं. जगभरच्या वातानुकूलनाची मापं ज्या कामावर उभी राहिली, ते डेन्मार्कच्या ओले फँगर यांचं. १९७० च्या त्यांच्या ग्रंथामागे डॅनिश आणि अमेरिकन विद्यार्थ्यांवरचे प्रयोग होते. रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेतल्या एम. आर. शर्मा आणि शराफत अली यांनी मात्र भारतीय माणसांना भारतीय उन्हाळ्यात बसवून विचारलं. त्यातून १९८६ मध्ये ‘ट्रॉपिकल समर इंडेक्स’ प्रसिद्ध झाला. त्याचं सोपं रूप असं: ओल्या वातीच्या पाऱ्याचा एक-तृतीयांश, अधिक काळ्या गोळ्याच्या पाऱ्याचा तीन-चतुर्थांश, वजा वाऱ्याच्या वेगाच्या वर्गमुळाची दुप्पट. काळा गोळा भिंती-छताची धग टिपतो, वात ओल टिपते, आणि वर्गमुळात आपला छताचा पंखा आहे! सेकंदाला एक मीटर वारा असला की निर्देशांक दोन अंशांनी उतरतो. या मापावर भारतीय माणसाला सर्वात सुखाचं वाटलं ते २७.५, आणि २५ ते ३० हा सगळा पट्टा सुखाचाच.

पुढे अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाने पाच शहरांतल्या १६ कार्यालयीन इमारतींत ६,३३० उत्तरं गोळा केली. खिडक्या उघड्या ठेवणाऱ्या इमारतींत बाहेरची सरासरी एका अंशाने वाढली की माणसाचं सुखाचं तापमानही अर्ध्या अंशाहून थोडं जास्त वर सरकतं, असं त्यात दिसलं. शरीर ऋतू ओळखतं. २०२० पासून नवे एसी २४ अंशांवर सुरू होतात. २०२५ च्या जूनमध्ये केंद्राने २० ते २८ अशा मर्यादेचा विचार जाहीर केला आणि त्यावर बरीच ओरड झाली. पंखा चालू ठेवून २७ वर बसणारा अकोलेकर काही त्याग करत नसतो. रुडकीच्या सूत्राप्रमाणे तो सुखातच असतो. ही दोन सूत्रं यंत्रात घातली नाहीत, तर कितीही हुशार यंत्र वऱ्हाडी माणसाला परदेशी विद्यार्थ्याच्या मापाने गारठवत राहील आणि बिल मात्र इथे येईल.

मग कृत्रिम बुद्धिमत्तेला काम काय उरलं? उशिराचा हिशेब. चुलीवरून उतरवलेला तवा बराच वेळ पोळतो, तसा स्लॅब. दुपारी दोनला गच्ची सर्वात तापते, पण सहा इंची काँक्रीटमधून ती धग खाली पोचायला चार-पाच तास लागतात. म्हणून वरच्या मजल्यावरची संध्याकाळची बॅच दुपारच्यापेक्षा जास्त भाजून निघते. आजच्या संध्याकाळची सोय आज पहाटे करावी लागते: साडेचारला एक्झॉस्ट लावून स्लॅब निववायचा, आठला खिडक्या लावायच्या, दुपारी कूलर. वाड्यातली आजी हे अंदाजाने करायची. प्रत्येक इमारतीचा तवा वेगळा, त्याचा उशीर वेगळा. स्लॅबचं तापमान, हवामान खात्याचा अंदाज आणि बॅचचं वेळापत्रक यांवरून तो उशीर शिकणं हे यंत्राचं खरं काम. त्यासाठी अवाढव्य मेंदू लागत नाही, प्रामाणिक नोंदी लागतात.

आणि एक खास इथली गोष्ट, पाणी. मोठा कूलर कडक दुपारी तासाला वीस-पंचवीस लिटर पाणी उडवतो. अकोल्याला महानच्या काटेपूर्णा धरणातून येणारं पाणी जपूनच वापरावं लागतं. खारपाणपट्ट्यातल्या बोअरचं वापरलं तर पाणी उडून जातं आणि क्षार ताट्यांवर चढतात. ताट्या दगडासारख्या होतात, हवा अडते, गारवा उतरतो. टाकीत क्षार मोजणारा एक स्वस्त सेन्सर आणि वेळेवर टाकी रिकामी करणारी झडप बसवली, तर ताट्यांचं आयुष्य वाढेल. परदेशातून आलेल्या कोणत्याही तयार सॉफ्टवेअरमध्ये खारपाणपट्ट्याचा रकाना असणार नाही. तो आपल्यालाच आखावा लागेल.

सुरुवात पुढच्या उन्हाळ्यात करता येईल, आणि तीही फार स्वस्तात. हॉलच्या भिंतीवर दोन थर्मामीटर, एकाला ओली वात. शेजारी कार्बन डायऑक्साइडचा मीटर. आणि एक वही. सकाळी, दुपारी, संध्याकाळी नोंद. अप्रकट उष्णता आणि वायूंचं शोषण हे त्याच हॉलमध्ये फळ्यावर शिकवलं जातं. मुलं रात्र-रात्र जागून त्याची गणितं सोडवतात. त्यांच्यातल्याच चौघांना ती वही द्यावी. एक उन्हाळा आणि एक पावसाळा भरलेली ती वही, पुढे येणाऱ्या कोणत्याही कृत्रिम बुद्धिमत्तेचं वऱ्हाडातलं पहिलं पाठ्यपुस्तक ठरेल.