खिशातला पंप आणि रोजा

गेल्या वर्षी रमजानचा पंधरावा रोजा. तरावीहची नमाज आटोपून मी घरी पोचतो न पोचतो तोच फोन वाजला. माझ्या एका विद्यार्थ्याचा नंबर होता, पण बोलत होता त्याचा धाकटा भाऊ. "सर, भाईजानला धाप लागलीय, बोलता येत नाहीये." रावळपाड्यातल्या घरापासून रुग्णालयापर्यंत वडिलांनी स्वतःची रिक्षा हाकली. नेब्युलायझर आणि ऑक्सिजन लावल्यावर पहाटे तीनच्या सुमारास त्याचा श्वास मोकळा झाला.

हा मुलगा दोनच महिन्यांपूर्वी मुंबई मॅरेथॉनमध्ये २१ किलोमीटरची अर्धमॅरेथॉन धावला होता. लहानपणापासून दमा, घरात कमावणारे एकटे वडील, पायात वर्षभर तेच बूट. तरीही पुढच्या जानेवारीत पूर्ण ४२ किलोमीटर धावायचं त्याने ठरवलं होतं. रमजान सुरू झाल्यावर तो रोज इफ्तारच्या आधी तासभर हायवेच्या सर्व्हिस रोडवर धावत असे. हे कळल्यावर मी वर्गात सगळ्यांसमोर म्हणालो होतो, "बघा, रोजा ठेवून धावतो. याला म्हणतात हिंमत."

दोन दिवसांनी मी त्याला भेटायला गेलो, तेव्हा खरी हकिकत कळली. त्या संध्याकाळी साडेपाचलाच त्याच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता. खिशात निळा पंप होता, पण रोजा सुटायला तासभरच उरला होता म्हणून त्याने तो घेतला नाही. इफ्तारला तळणीचा धूर आणि नंतर मशिदीतली एसीची थंड हवा यांची भर पडली. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे रोज घ्यायचा दुसरा पंप त्याने फेब्रुवारीतच बंद केला होता. "बरं वाटत होतं सर, आणि पैसेही वाचत होते." मग खाली बघत म्हणाला, "आणि तुम्ही वर्गात तसं बोलल्यावर रोजा कसा तोडणार?"

त्या वाक्याने मला वर्षभर स्वस्थ बसू दिलेलं नाही. हा लेख त्यातूनच लिहिला आहे.

धावल्यावर छाती का आवळते?

निवांत बसलेला माणूस नाकाने श्वास घेतो. नाक हवा गाळतं, ओली आणि उबदार करतं. धावताना हवेची गरज कित्येक पटींनी वाढते आणि आपण तोंडाने श्वास घेऊ लागतो. मग कोरडी, धुळीची हवा थेट श्वासनलिकांत जाते. त्यांचं अस्तर सुकतं, सूज आणणारी रसायनं बाहेर पडतात आणि नलिकांभोवतीचे स्नायू आवळले जातात. हा त्रास पुष्कळदा धावणं थांबवल्यानंतर पाच-दहा मिनिटांत सर्वाधिक जाणवतो. त्यामुळे अनेकांना वाटतं की आपला स्टॅमिनाच कमी पडतोय.

दहिसरमध्ये धुळीची कमतरता नाही. एका बाजूला टोलनाक्याकडे रांग लावून उभे राहणारे ट्रक, दुसऱ्या बाजूला बांधकामं. दहिसर नदी ज्या तुळशी तलावातून निघते, तो मात्र संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या जंगलात आहे. बोरिवलीच्या दरवाजातून पहाटे आत गेलं की झाडांखालचा रस्ता मिळतो. हायवेपेक्षा तिथे धावणं केव्हाही बरं, आणि त्यासाठी जिमची फीही लागत नाही.

दमा असला म्हणून धावता येत नाही, हा समज आता टाकून द्यायला हवा. ब्रिटनच्या पॉला रॅडक्लिफला चौदाव्या वर्षी दम्याचं निदान झालं. २००३ साली लंडनमध्ये ती २ तास १५ मिनिटं २५ सेकंदांत मॅरेथॉन धावली. महिलांचा तो जागतिक विक्रम २०१९ पर्यंत कुणाला मोडता आला नाही. औषध नियमित घेऊनच ती धावत होती.

कोणत्या पंपावर पैसे घालायचे?

दम्याचे पंप ढोबळमानाने दोन तऱ्हेचे. एक लगेच आराम देणारा, बहुधा निळा. त्यातलं साल्ब्युटामॉल आवळलेले स्नायू सैल करतं आणि चार-सहा तासांत त्याचा असर ओसरतो. दुसरा रोज घ्यायचा. त्यात अत्यल्प मात्रेत स्टेरॉइड असतं, ते आतली सूज कमी ठेवतं. घेतल्याबरोबर काही जाणवत नाही, म्हणून पैशांची चणचण आली की घरोघरी आधी तोच बंद होतो. स्टेरॉइड या शब्दाची भीतीही असते. पण पंपातून मायक्रोग्रॅममध्ये फुप्फुसात जाणारं औषध आणि अंगभर फिरणारी गोळी यांत मोठा फरक आहे.

नेमकी इथेच आपली काटकसर उलटते. निळ्या पंपात २०० फवारे असतात आणि तो दीडशे-दोनशे रुपयांना मिळतो. रोजचा पंप कंपनीनुसार तीनशे ते पाचशे रुपयांना पडतो. १२० फवाऱ्यांचा पंप सकाळ-संध्याकाळ एकेक फवारा असेल तर दोन महिने चालतो, दोन-दोन असतील तर एक महिना. म्हणजे दिवसाला वडापावच्या किमतीहून जास्त खर्च नाही. उलट एका रात्रीच्या ॲडमिशनमध्ये त्या मुलाच्या घरचं चार महिन्यांचं औषध गेलं, वडिलांचे बुडालेले धंद्याचे दिवस वेगळेच.

जगभरच्या तज्ज्ञांनी दम्यासाठी केलेल्या 'जिना' मार्गदर्शिकेत २०१९ पासून स्पष्ट सांगितलं आहे की मोठ्या माणसांनी नुसत्या निळ्या पंपावर राहू नये. वर्षात निळ्या पंपाचे तीन किंवा जास्त डबे संपत असतील, तर दमा ताब्यात नाही असं समजून डॉक्टरांकडे जावं.

खर्च कमी करण्याचे सरळ मार्ग आहेत. जनऔषधी केंद्रांत हीच औषधं कमी किमतीत मिळतात, फक्त साठा आहे का ते आधी विचारून घ्यावं. केईएम आणि नायरसारख्या महापालिका रुग्णालयांच्या छातीविकार विभागात केसपेपर काढून फुंकर-तपासणी, म्हणजे स्पायरोमेट्री, करून घेता येते. पंपाला जोडायची नळी, म्हणजे स्पेसर, परवडत नसेल तर त्यालाही उपाय आहे. दक्षिण आफ्रिकेत हेदर झार आणि सहकाऱ्यांनी साध्या अर्ध्या लिटरच्या प्लास्टिक बाटलीच्या बुडाला पंपाच्या मापाचं भोक पाडून, कडेने हवा जाणार नाही असं चिकटवून, तिचा स्पेसर केला. मुलांच्या दम्यात तो विकतच्या स्पेसरइतकाच उपयोगी पडला. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हा अभ्यास छापून आला.

औषध वाया जाण्याचं सर्वांत मोठं कारण म्हणजे पंप ओढण्याची चुकीची पद्धत. पंप हलवा, श्वास पूर्ण सोडा, मग दाबता दाबता सावकाश खोल श्वास घ्या आणि दहापर्यंत मोजत रोखून धरा. दुसरा फवारा अर्ध्या-एक मिनिटाने. पावडरच्या कॅप्सूलचं यंत्र असेल तर मात्र जोराने ओढायचं असतं. पंपावर आकडा दिसत नसेल तर सुरू केल्याची तारीख मार्करने लिहून ठेवा. नुसता हलवून तो संपलाय की नाही हे कळत नाही.

धावण्याआधी दहा-पंधरा मिनिटं हळूहळू अंग गरम केल्याने नलिका आवळण्याचं प्रमाण घटतं. डॉक्टरांनी सांगितलं असेल तर निळा पंपही त्याच सुमारास, धावण्याच्या दहा-पंधरा मिनिटं आधी घेतात. विद्यापीठ किंवा राज्य पातळीवर उतरणाऱ्यांनी उत्तेजक चाचणीचे नियमही माहीत करून घ्यावेत. पंपातलं साल्ब्युटामॉल २४ तासांत १६०० मायक्रोग्रॅमपर्यंत आणि कोणत्याही ८ तासांत ६०० पर्यंत चालतं. एक फवारा बहुधा १०० मायक्रोग्रॅमचा असतो. पण खोकल्याच्या कित्येक सिरपमध्ये टर्ब्युटालिन असतं आणि ते बंदी असलेल्या यादीत आहे. बाटलीवरची बारीक अक्षरं वाचायला पैसे पडत नाहीत.

रमजानमध्ये काय?

पंपाने रोजा सुटतो का, यावर उलेमांत मतभेद आहेत. आपल्याकडचे बहुतेक हनफी मुफ्ती सुटतो असं सांगतात. सौदी अरेबियातले शेख इब्ने बाज आणि शेख इब्ने उसैमीन यांनी सुटत नाही असं म्हटलं. ज्याने-त्याने आपल्या विश्वासातल्या आलिमला विचारावं. पण एका गोष्टीवर मतभेद नाही. सूरह बकरामध्ये रोजाचा हुकूम जिथे आहे, तिथेच आजारी माणसाला आणि प्रवाशाला ते रोजे नंतर भरून काढण्याची मुभा आहे. त्याला कजा म्हणतात. कायमच्या आजाराने ज्याला ते जमणारच नाही, त्याने एकेका रोजाबद्दल एका गरजूला जेवू घालायचं, तो फिद्या. सवलत हुकुमासोबतच आली आहे, ती कुणी मागाहून काढलेली पळवाट नव्हे. श्वास अडकलेला असताना पंप खिशात ठेवण्यात कसलंही पुण्य नाही.

दुसरी बाजूही सांगायला हवी. ही मुभा आजारासाठी आहे, मॅरेथॉनच्या सरावासाठी नाही. म्हणून दमेकरी धावपटूने रमजानमध्ये बदलायचं ते सरावाचं वेळापत्रक. इफ्तारनंतर दीड-दोन तासांनी, पाणी आणि औषध पोटात-छातीत गेल्यावर धावावं. अंतर कमी ठेवावं, वेगाची शर्यत महिनाभर बाजूला ठेवावी.

औषधाचं वेळापत्रक तर रमजानला आपसूक जुळतं. या दिवसांत मुंबईचा रोजा सुमारे १३ तासांचा असतो आणि रोजचा पंप बहुधा दिवसातून दोनदा घ्यायचा असतो. एकदा सहरीला, एकदा इफ्तारला. स्टेरॉइडच्या पंपानंतर चूळ भरावी लागते, नाहीतर तोंडात बुरशी धरते. वुजू करताना ती चूळ होतेच. रमजान सुरू होण्याच्या दोन-तीन आठवडे आधी डॉक्टरांना भेटून हे ठरवून घ्यावं. घरात लोबान-अगरबत्तीचा धूर आणि नव्या अत्तराचा दर्प जपून, तळणीच्या वेळी खिडकी उघडी. हे श्रावणात किंवा नवरात्रात उपास करणाऱ्या शेजाऱ्यांनाही लागू आहे. उपासाच्या दिवशी औषध टाळणारे सगळ्या धर्मांत भेटतात.

आणि वाक्य पुरं करता येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, निळ्या पंपाने आराम पडत नसेल किंवा तास-दोन तासांत पुन्हा धाप लागत असेल, तर वाट पाहू नये. रुग्णाला ताठ बसवून स्पेसरमधून एकेक करत चार फवारे द्यावेत, १०८ ला फोन करावा आणि रुग्णालय गाठावं.

यंदा तो मुलगा राष्ट्रीय उद्यानात आठवड्यातून तीनदा धावत होता, रोजचा पंप न चुकवता. रमजान लागल्यापासून तो तरावीहनंतर सोसायटीच्या आवारातच अर्धा तास पळतो. सहाव्या रोजाला दुपारी छाती भरून आली, तेव्हा त्याने दोन फवारे घेतले, पाणी प्यायला आणि मला फोन केला. "सर, आज रोजा सोडला." मी म्हणालो, "बरं केलंस. आता कसं वाटतंय?" या वेळी वर्गात मी त्याच्याबद्दल काही बोललो नाही. तो एक रोजा डिसेंबरात भरून काढायचा असं त्याने ठरवलंय. तेव्हा दिवस लहान असतो, आणि जानेवारीतली शर्यत जवळ आलेली असते.