मोटारीचा ‘सेल्फ’ आणि त्याचें सोलेनॉइड

किल्लीला पीळ दिला कीं मोटारीचें एंजिन धडधडूं लागावें, हें आज इतकें अंगवळणीं पडलें आहे कीं त्यांत कांहीं विशेष घडतें असें कोणास वाटत नाहीं. वस्तुतः मोटारीचें एंजिन स्वतःच्या बळावर कधींच सुरू होत नसतें. पेट्रोलचें मिश्रण आंत ओढून दाबावयाचें तर दट्टे आधींच हलते असावे लागतात, आणि दट्टे हलावयाचे तर मिश्रण पेटलेलें असावें लागतें! हा पेंच पूर्वीं माणसाच्या दंडांनीं सुटत असे. गाडीच्या तोंडाशीं लोखंडी हँडल खुपसून तें जोरानें फिरवावयाचें, आणि एंजिनानें उलट हिसका दिलाच तर मनगट मोडून घ्यावयाचें, असा तो प्रकार होता. १९१२ सालच्या कॅडिलॅक गाड्यांवर चार्ल्स केटरिंग या अमेरिकन संशोधकाचा विजेचा स्टार्टर बसला, तेव्हांपासून हँडलाचे दिवस भरत आले.

हा स्टार्टर म्हणजे एक लहानसें पण जोरकस विद्युत्-यंत्र. आपल्याकडील गॅरेजांतून त्याला ‘सेल्फ’ म्हणतात. त्याच्या दांड्यावर एक छोटें दांतेरी चाक असतें व एंजिनाच्या गतिचक्राला मोठें दांतेरी कडें असतें. सुरू करण्याच्या वेळींच या दोहोंचे दांते एकमेकांत अडकले पाहिजेत आणि काम होतांच सुटले पाहिजेत. शिवाय पेट्रोलच्या गाडीचा स्टार्टर दीडशें-दोनशें अँपिअर प्रवाह सहज ओढतो. एवढा प्रवाह किल्लीच्या नाजूक कळींतून नेला तर ती जळूनच जाईल. हीं दोन्ही कामें स्टार्टरच्या पाठीवर बसलेली एक मुठीएवढी डबी करते. तिचें नांव सोलेनॉइड. आंपेअर या फ्रेंच शास्त्रज्ञानें नळीवाचक ग्रीक शब्दावरून तें घडविलें, आणि डबीच्या अंतरंगाला तें शोभतेंहि.

आंत तांब्याच्या तारेचें नळीसारखें वेटोळें असतें व त्याच्या पोकळींत एक लोखंडी दट्ट्या सरकतो. किल्ली फिरविली कीं बारीक तारेंतून थोडासा प्रवाह वेटोळ्यांत येतो, वेटोळें चुंबक बनतें आणि दट्ट्या आंत ओढला जातो. त्याच्या एका टोकाला अडकलेला काटा छोट्या चाकाला पुढें ढकलतो. दुसरें टोक तांब्याची एक चकती दोन जाड अग्रांवर दाबून धरतें, आणि मग बॅटरीचा सारा प्रवाह स्टार्टरमध्यें लोटतो. खरें म्हणजे वेटोळीं दोन असतात: एक ओढणारें, एक धरून ठेवणारें. चकती टेकली कीं ओढणाऱ्याच्या दोन्ही टोकांवर सारखाच दाब येऊन तें आपोआप स्वस्थ बसतें. गरजेपुरतेंच बळ खर्चणारी ही योजना मोठी हुषारीची आहे.

झीज होते ती चकतीची. प्रत्येक वेळीं ठिणगी उडते, तांबें जळतें, खड्डे पडतात. मुंबईसारख्या शहरांत पावसाळ्यांत तुंबलेल्या पाण्यांतून गाडी गेली तर खालच्या अंगाला बसलेल्या या डबींत पाणी शिरून दट्ट्याहि गंजतो. परंतु किल्ली फिरवून एंजिन हललें नाहीं, कीं सोलेनॉइडच गेलें असें ठरवून नवें विकत आणण्याची घाई बरी नव्हे. दोष पुष्कळदां दुसरीकडेच असतो. लागोपाठ टकटक ऐकूं आली तर बहुधा बॅटरी क्षीण झालेली असते: चकती टेकते, दाब कोसळतो, चुंबक दट्ट्या सोडतें, पुन्हां ओढतें. बॅटरीच्या अग्रांवर पांढरट-हिरवट बुरशीसारखा थर बसला असेल तर तो घासून काढल्यावरच गाडी सुरू झाल्याचीं उदाहरणें थोडीं नाहींत. मुळींच आवाज नसेल तर बारीक तारेंत प्रवाह येतो कीं नाहीं तें पहावें. आणि एकच ठसठशीत ‘टक्’ होऊन पुढें सारें शांत राहिलें, तर संशय चकतीवर घ्यावा. व्होल्टमीटर त्या दोन जाड अग्रांवर धरून दुसऱ्या कोणी किल्ली फिरविली असतां कांटा अर्ध्या व्होल्टाच्या आंत रहावयास हवा. बॅटरी चांगली म्हणजे साडेबारा व्होल्टांच्या आसपास असून ‘टक्’ होतांना सारे व्होल्ट त्या दोन अग्रांतच दिसले, तर चकती टेकत नाहीं हें सिद्ध झालें. उलट तेथें कांहींच दिसलें नाहीं व स्टार्टरहि फिरला नाहीं, तर दोष स्टार्टरच्या पोटांत आहे.

याच ठिकाणीं एक घातक युक्ति सांगितली जाते: दोन जाड अग्रांमध्यें स्क्रू-ड्रायव्हर आडवा टेकवून पहावयाचें. ठिणग्यांनीं हात भाजतो हें तर आहेच. पण बारीक तारेवर तसा टेकविला आणि गाडी गिअरमध्यें असली, तर ती समोरच्या माणसावर चालून जाते. ही युक्ति घरच्या दुरुस्तींत वर्ज्यच समजावी.

काढण्याचें काम सावकाश करण्याचें आहे. आंगठी, घड्याळ, बांगड्या उतरून ठेवाव्या. बॅटरीची ऋण बाजूची तार प्रथम सोडावी. गाडीचा सांगाडा ऋण बाजूला जोडलेला असतो, म्हणून हा क्रम. उलट केल्यास धन अग्रावरचा पाना सांगाड्याला टेकून भडका उडण्याचें भय आहे. गाडीखालीं जावयाचें तर नुसत्या जॅकवर विसंबूं नये, विटांवर तर नाहींच. लोखंडी घोड्यांवर गाडी टेकवून, चाकांना अडण्या लावूनच आंत शिरावें. तारा सोडण्यापूर्वीं कोणती कोठें होती त्याची खूण करावी. स्टार्टर चांगलाच जड असतो. शेवटचा बोल्ट निघतांना त्याला हाताचा आधार हवा. कांहीं गाड्यांत सोलेनॉइड वेगळें निघत नाहीं, तेथें सबंध स्टार्टरच बदलावा लागतो.

स्टार्टरकडे जाणारी पट्टी व दोन-तीन स्क्रू सोडले कीं डबी सुटते. दट्ट्याचा आंकडा मात्र किंचित् तिरपा करून काट्यांतून काढावा लागतो. नवें सोलेनॉइड जुन्याशीं ताडून पहावें आणि आंकड्याला थोडें ग्रीस लावून त्याच क्रमानें उलटें बसवावें. जाड अग्रांचे नट घट्ट हवेत, पण पिळून आवळल्यास बैठकीचें झांकण तडकतें. ऋण तार सर्वांत शेवटीं.

मग गाडी न्यूट्रलमध्यें ठेवून, हँडब्रेक ओढून किल्ली फिरवावी. सोडतांच स्टार्टर थांबला पाहिजे. तो फिरतच राहिला तर ऋण तार तत्काळ सोडावी, नाहीं तर तारा तापून आग लागेल. आणि स्टार्टर नुसताच गरगरला, एंजिन ढिम्म राहिलें, तर आंकडा काट्यांत बसलेला नाहीं. पुन्हां एकदां गाडीखालीं जाणें आलें.