संशयाचा संसार मांडणारी गंधर्व मंडळी

रस्त्यात भोवळ आलेल्या रेवतीला फाल्गुनराव सावरतो आणि नेमकं तेच त्याच्या बायकोच्या, कृत्तिकेच्या, नजरेस पडतं. पुढे रेवतीच्या हातून पडलेली अश्विनशेठची तसबीर कृत्तिकेला सापडते. ती न्याहाळत असतानाच नवरा येऊन ठेपतो! एवढ्या भांडवलावर गोविंद बल्लाळ देवलांनी ‘संशयकल्लोळ’ उभं केलं.

कथेचं बीज मोलिएरच्या १६६० सालच्या फार्समधलं. आर्थर मर्फीच्या इंग्रजी नाटकातून ते देवलांकडे आलं. मराठीत मात्र ते उपरं वाटत नाही. पुरुषांना महिन्यांची नावं, बायकांना नक्षत्रांची. म्हणजे आपलं पंचांगच संशयाने पछाडलेलं. आधीच्या गद्य नाटकात पदं घालून देवलांनी संगीत नाटक केलं आणि १९१६ साली गंधर्व नाटक मंडळीने ते रंगभूमीवर आणलं. त्याच वर्षी जूनमध्ये देवल गेले.

ही मंडळी बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांनी १९१३ साली काढलेली. लोक यायचे ते बालगंधर्वांचं गाणं ऐकायला. ‘संशयकल्लोळ’मध्येही रेवती त्यांचीच होती, पण नाटकाचा कणा ठरला बोडसांचा फाल्गुनराव. गाण्याच्या जोरावर चालणाऱ्या कंपनीने गद्य विनोदी भूमिकेला एवढी जागा दिली, हे मला मंडळीचं मोठेपण वाटतं.

ही भूमिका फसते ती नट हशे वसूल करायला लागला की. फाल्गुनरावाला आपण हास्यास्पद आहोत याचा पत्ताच नसतो. त्याच्या लेखी अब्रूचा प्रश्न आहे, आणि तसबीर हा पुरावा. तो ती पुन्हा पुन्हा बघतो, दर खेपेला नव्याने जळतो. नटाने ते जळणं खरं केलं की हशा आपसूक येतो. कृत्तिकेचंही तसंच, ती नुसती कजाग झाली तर डाव एकतर्फी होतो. दोघांचाही संशय त्यांच्या परीने बिनतोड हवा.

अलीकडे प्रशांत दामले आणि राहुल देशपांडे यांनी हे नाटक पुन्हा केलं, तेव्हाही प्रेक्षक रंगले. भिवंडी, कल्याण, ठाणे पट्ट्यातल्या हौशी मंडळींनी ते जरूर हाती घ्यावं. पेटी-तबल्याची साथ, गाणारे रेवती आणि अश्विनशेठ, आणि विनोदाची घाई न करणारा फाल्गुनराव एवढं जमलं पाहिजे. यातलं शेवटचं सर्वांत अवघड, म्हणून तालमी तिथूनच सुरू कराव्यात.