चार रिमोट, एक आई: युनिव्हर्सल रिमोट घेण्याआधी हे ऐका

आजचा विषय वाकोल्याच्या आमच्या हॉलमधला आहे. टीपॉयवर चार रिमोट: टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, साउंडबार आणि फायर टीव्ही स्टिक. चारही आईने प्लास्टिकच्या कव्हरात घातलेले, त्यामुळे अंधारात सगळे सारखेच. त्यात डोक्यावरून विमान गेलं की आवाज वाढवा, ते पुढे गेलं की कमी करा. सांताक्रूझकरांना वेगळं सांगायला नको.

म्हणून मी एक स्वस्तातला युनिव्हर्सल रिमोट आणला. एकच बटण दाबलं की सगळं चालू! दुसऱ्याच दिवशी ऑफिसात आईचा फोन, "अरे, चित्र दिसतंय, पण आवाज कुठाय?"

घोळ असा होता. साधा रिमोट इन्फ्रारेड प्रकाशाने बोलतो. हा प्रकाश सेकंदाला साधारण 38 हजार वेळा लुकलुकतो आणि त्या लुकलुकण्यातूनच कोड जातो. पण समोरून उत्तर येत नाही. साउंडबार आधीच चालू आहे हे रिमोटला कळणार कसं? बहुतेक पॉवर बटणांचा कोड चालू आणि बंद दोन्हीसाठी एकच असतो. त्यामुळे टीव्ही चालू झाला आणि आदल्या रात्रीपासून चालू राहिलेला साउंडबार बंद! काही उपकरणांना 'फक्त चालू' आणि 'फक्त बंद' असे वेगळे कोड असतात. असतील तर सोनं समजा. लॉजिटेकचे हार्मनी रिमोट काय चालू आहे ते लक्षात ठेवायचे, पण कंपनीने 2021 मध्ये ते बंद करत असल्याचं जाहीर केलं.

तेव्हा खरेदीआधी एक चाचणी करा. फोनचा सेल्फी कॅमेरा लावा, रिमोटचं टोक त्याच्याकडे धरा आणि बटण दाबा. स्क्रीनवर जांभळट ठिपका लुकलुकला, तर इन्फ्रारेड आहे. (मागच्या कॅमेऱ्यात फिल्टर असला तर दिसणार नाही.) फायर टीव्हीच्या रिमोटवर गंमत बघा: आवाजाच्या बटणाला बहुधा ठिपका दिसतो, होमच्या बटणाला नाही, कारण स्टिकशी तो ब्लूटूथवर बोलतो. साधा युनिव्हर्सल रिमोट तिथे कामाचा नाही.

इन्फ्रारेडवाल्यांसाठी लर्निंग रिमोट घ्या. जुना रिमोट त्याच्यासमोर धरून एकेक बटण शिकवायचं. पण जुना जिवंत आहे तोवरच! तो मेला की शिकवणार कोण? फोनमध्ये आयआर ब्लास्टर असेल तर तोही चालतो, फक्त तुम्ही ऑफिसला निघालात की रिमोटही निघाला.

खरं तर आमचं निम्मं काम केबलनेच झालं. साउंडबार ऑप्टिकल केबलवर होता. ती काढून एचडीएमआय केबल टीव्हीच्या 'एआरसी' लिहिलेल्या पोर्टमध्ये लावली आणि सेटिंगमध्ये सीईसी चालू केलं. सॅमसंगमध्ये त्याला एनीनेट प्लस म्हणतात, एलजीमध्ये सिंपलिंक, सोनीत ब्राव्हिया सिंक. नाव काहीही असो, या तारेतून उपकरणं एकमेकांना स्थिती विचारू शकतात, उत्तरही देतात. आता टीव्हीच्याच रिमोटने साउंडबार चालू होतो, आवाजही कमी-जास्त होतो.

सेट-टॉप बॉक्सची चॅनेलची बटणं लर्निंग रिमोटला शिकवली. आईने त्यालाही कव्हर घातलंय, पण यावेळी वर लाल टिकली चिकटवली आहे.