हायड्रेंजिया फुलत का नाही?

गेंदासारख्या गुच्छांचा हायड्रेंजिया मूळचा जपानचा. झुडूप हिरवेगार, पण फूल एकही नाही, असे पुष्कळदा घडते. दोष बहुधा कात्रीचा असतो! गुलाब छाटला की नव्या फुटीवर फुलतो. याचे तसे नाही. नेहमीच्या जातींत उन्हाळ्यातल्या फुलांच्या कळ्या आदल्या शरद ऋतूतच फांद्यांच्या टोकांशी तयार होतात. त्यासाठी काही आठवडे साधारण १८ अंश सेल्सिअसच्या आतले तापमान लागते. उष्ण गावात नुसती पानेच वाढतात. हिवाळ्यात तुम्ही टोके छाटलीत, तर येणारी फुलेच छाटलीत! छाटणी करावी ती बहर ओसरताच. नत्रखतही बेतानेच घाला. हिवाळा सरताना टोकाची एखादी फुगीर कळी उभी चिरून भिंगातून पाहा. आत इवलासा फुलोरा दिसेल.